पाणी मिळाले, पण ते प्यायचे कसे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)





या मेळाव्यात महिला शाखेने दरवर्षी एक विषय मांडावा अशी आपली पद्धत आहे. आजवर आम्ही शिक्षणावर बोललो, हुंड्यावर बोललो, व्यसनमुक्तीवर आणि अंधश्रद्धेवर बोललो. यंदाचा विषय आम्ही कार्यकारिणीला कळवला तेव्हा काही मंडळी हसली. एक वडीलधारे म्हणाले, "बायांनो, धम्माच्या व्यासपीठावर संडास-मुतारीच्या गोष्टी शोभतात का?" त्यांचा मान राखून आम्ही आज याच विषयावर बोलणार आहोत, आणि तो शोभतो की नाही हे शेवटी आपणच ठरवावे.

हा विषय आम्हाला सुचला तो सहा डिसेंबरच्या दिवशी, दादरला. आपल्या संस्थेतर्फे आम्ही चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांना पाणी आणि पुरीभाजी देत होतो. दुपारची वेळ होती. परभणीकडची एक म्हातारी सावलीला टेकली होती. सोबत दोन नातवंडे, हातात बाबासाहेबांची तसबीर. आमच्यातल्या एकीने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो नातवाला दिला, स्वतः घेतला नाही. दुसरा दिला, तोही नको म्हणाली. "आजी, ऊन किती आहे, घोटभर तरी घ्या," असे म्हटल्यावर ती हळूच बोलली, "नको माय. पाणी पिलं की जावं लागतं. अन् जावं कुठं?"

तिथे फिरत्या शौचालयांच्या गाड्या होत्या. लाखो माणसे येतात म्हणून त्या ठेवल्या जातात, हे चांगलेच आहे. पण त्यांच्यापुढे रांग मोठी, आणि गाडीत चढायच्या लोखंडी पायऱ्या उंच. आजींचे गुडघे दुखत होते. त्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या, आणि चढल्या तरी उतरता येईल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी आदल्या रात्री गाडीत बसल्यापासून पाणीच जवळजवळ बंद केले होते.

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीसाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. पुढे दहा वर्षे कोर्टात खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. आणि आज त्याच बाबासाहेबांना वंदन करायला आलेली आपली म्हातारी, समोर केलेला पाण्याचा पेला परत करते! जात आडवी आली म्हणून नव्हे, तर ते पाणी पोटात गेल्यावर पुढे काय करायचे याची सोय नाही म्हणून. पाण्याचा हक्क मिळाला, पण पाणी प्यायची हिंमत मिळाली नाही. मग तो हक्क पुरा झाला असे म्हणता येईल का?

महाडचा लढा पाण्यापुरता नव्हता हे आपण सारे जाणतो. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात जो ठराव मांडला, त्यात सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे होते. त्या ठरावाच्या आधाराने १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात माणसांना जावे लागले. तोच विचार बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये आला. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. यातला 'लिंग' हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. आम्ही मात्र त्या शब्दापाशी थांबलो. जी जागा सार्वजनिक म्हणून बांधली, पण जिथे बाई जाऊ शकत नाही, कुबड्यांवरचा माणूस जाऊ शकत नाही, म्हातारी चढू शकत नाही, ती जागा सार्वजनिक कशी?

त्यानंतर आम्ही ठरवले की नुसते बोलायचे नाही, पाहायचे. एका रविवारी महिला शाखेच्या आम्ही सहाजणी सकाळी घराबाहेर पडलो. आमच्यात एक भगिनी कुबड्या घेऊन चालतात, त्याही आल्या. दोघी-दोघींनी मुंबईचा एकेक भाग वाटून घेतला. नियम एकच ठेवला, निघताना भरपूर पाणी पिऊन निघायचे. दुपारपर्यंत काय होते ते पाहायचे.

जे पाहिले ते सांगतो. एका ठिकाणी इमारत नवी, फरशी चकचकीत, पण बायकांच्या भागाला कुलूप. चावी कोणाकडे विचारले तर पुरुषांच्या भागात बसलेला माणूस म्हणाला, "बायका फार येत नाहीत, म्हणून बंद ठेवतो." बायका येत नाहीत म्हणून कुलूप, आणि कुलूप आहे म्हणून बायका येत नाहीत! दुसऱ्या ठिकाणी दार होते, पण आतून कडी नव्हती. एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेरून दार धरून उभे राहायचे, असे आम्ही केले. एकटी बाई असेल तर तिने काय करावे? तिसऱ्या ठिकाणी दिवा नव्हता. चौथ्या ठिकाणी नळ होता, नळाला पाणी नव्हते. पिशवी अडकवायला खुंटी तर कुठेच नव्हती. पिशवी दातांत धरून, साडी एका हाताने सावरून, ओल्या जमिनीवर बसायचे, हा कसरतीचा प्रकार बायकांनाच ठाऊक. मासिक पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड टाकायला झाकणाचा डबा आम्हाला फक्त एका ठिकाणी दिसला.

पैशाचीही गोष्ट आहे. पुरुष मुतारीत जातो आणि तसाच बाहेर येतो. बाईला मात्र बंद दाराआड जावे लागते, म्हणून दाराशी बसलेला माणूस तिच्याकडून पैसे मागतो. हाच प्रश्न घेऊन २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' या नावाने महिला संघटनांनी मोहीम सुरू केली. वस्तीवस्तीत काम करणाऱ्या साध्या कार्यकर्त्या तिच्यात पुढे होत्या. लघवीला जाण्याचा हक्क असे उघड म्हणायला तेव्हा त्यांनाही लाज वाटली असेल. पण त्या बोलल्या म्हणून विषय वर्तमानपत्रांत आणि पालिकेच्या सभागृहात गेला.

कुबड्यांवरच्या आमच्या भगिनीची हकीकत वेगळीच. एका ठिकाणी त्यांच्यासाठी खास उतार बांधलेला होता, बाहेर खुर्चीचे चित्रही होते. आम्हाला आनंद झाला. पण दार उघडले तर आत झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन भरून ठेवलेले. दार आतल्या बाजूला उघडणारे, त्यामुळे आत गेल्यावर ते लावायलाच जागा नाही. धरायला दांडी नाही. त्या ताई म्हणाल्या, "उतार बांधणाऱ्याला मी दारापर्यंत यावी असे वाटले. पुढचे त्याच्या मनात आले नाही." दुपारी एकच्या सुमारास त्या घरी परतल्या. कारण विचारू नका.

आमच्यातल्या सहाहीजणींना हे नवे नव्हते. आमच्यापैकी कोणी चाळीत वाढलेल्या, कोणी झोपडपट्टीत. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींतल्या प्रत्येक मजल्यावरच्या सामायिक संडासांच्या रांगा आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील. पहाटे अंधारात उठून डबा घेऊन जाणाऱ्या आयाही आठवत असतील. घराबाहेर दिवसभर राबणारी बाई पाणी पीत नाही, आणि लघवी दाबून धरते. त्यातून लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याचा त्रास वाढतो. गरोदर बाईला आणि मधुमेह असलेल्याला तर वारंवार जावेच लागते. आणि बांधवांनो, हा प्रश्न केवळ बायकांचा नाही. साठी ओलांडलेल्या पुरुषांनी मनातल्या मनात विचार करावा. सहलीला येणे आपण का टाळता, लांबच्या लग्नाला का जात नाही, याचे खरे कारण आपण घरच्यांनाही सांगत नाही.

कायदा आपल्या बाजूने नाही असे नाही. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित शौचालये उभारण्याबाबत आदेश दिले. सन्मानाने जगण्याच्या हक्कात ही सोय येते, हा त्या निकालाचा गाभा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांसाठीही सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती त्यांना वापरता येतील अशाच असाव्यात असे बंधन घातले. पण महाडच्या तळ्याचेही तसेच होते. ठराव झाला १९२४ ला, पाणी प्यायला माणसांना जावे लागले १९२७ ला. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर चालूनच कापावे लागते.

आता धम्माकडे येतो. वडीलधाऱ्यांनी आम्हाला विचारले होते की हा विषय व्यासपीठाला शोभतो का. भगवंतांना हा विषय वर्ज्य नव्हता. विनयपिटकातील चुल्लवग्गात शौचालयासंबंधी, म्हणजे पाली भाषेत वच्चकुटीसंबंधी, कितीतरी नियम आहेत. त्यातला एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटला. त्या काळी भिक्षू शौचाला ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. नवदीक्षित भिक्षू आधी येऊन उभा असला, तरी मागून आलेले वडील भिक्षू आधी आत जात. बिचारे तरुण भिक्षू दाबून धरून धरून मूर्च्छा येऊन पडत. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. भगवंतांनी नियम केला की येथे जो ज्या क्रमाने येईल तो त्या क्रमाने जाईल.

बांधवांनो, यावर आपण थोडा विचार करू. संघामध्ये वंदनेत, आसनात ज्येष्ठतेला मान आहे. तो मान भगवंतांनी काढून घेतला नाही. पण शरीराच्या गरजेपाशी त्यांनी ज्येष्ठता बाजूला ठेवली. तिथे भिक्षू किती वर्षांचा, कोणत्या कुळातला, किती विद्वान, हे विचारायचे नाही. आधी कोण आला एवढेच विचारायचे. रांगेचा हा नियम अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

पुढचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. बाहेरून जाणाऱ्याने खाकरावे, आत असलेल्यानेही खाकरून उत्तर द्यावे. म्हणजे दार ढकलण्याचा, कोणाला लाजवण्याचा प्रसंग येऊ नये. चीवर बाहेर दोरीवर किंवा बांबूवर नीट ठेवावे. आम्हाला शहरात जी खुंटी सापडली नाही, ती विनयात आहे! भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावे. आणि वच्चकुटी अस्वच्छ दिसली तर ती झाडावी. कोणी घाण केली याची चौकशी करीत बसायला तिथे सांगितलेले नाही. ज्याला घाण दिसली त्याने साफ करावी.

राहुलाची गोष्टही विनयात आहे. एकदा राहायला जागा न मिळाल्याने श्रामणेर राहुलाने वच्चकुटीत रात्र काढली. पहाटे भगवंत तिकडे आले आणि नियमाप्रमाणे खाकरले. आतून राहुलही खाकरला. "कोण आहे?" "भगवन्, मी राहुल." प्रत्यक्ष तथागतही दार ढकलत नाहीत, आधी खाकरतात! दुसऱ्याच्या लाजेला जपणे म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

आणि कौशांबीचा कलह? अट्ठकथेत सांगितले आहे की संघात फूट पडण्याइतका तो वाद शौचालयातल्या भांड्यात उरलेले पाणी कोणी ठेवले यावरून पेटला. दोन विद्वान भिक्षू, दोघांचे शिष्य, आणि मध्ये एका भांड्यातले पाणी. भगवंतांनी समजावले, कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच वनात निघून गेले. समित्यांच्या बैठकांत आपण ज्या गोष्टींवरून भांडतो त्या पाहिल्या की ही कथा जुनी वाटत नाही.

आता आम्हाला आपल्या घरातले बोलू द्या. शहर पाहून झाल्यावर आमच्यातली एकजण म्हणाली, "आपल्या विहाराचे काय?" सगळ्या गप्प झालो. आपल्या विहाराच्या मागे दोन संडास आहेत. देणगीतून बांधले आहेत, बरे आहेत. पण त्यांना कुलूप असते. गेल्या जयंतीच्या कार्यक्रमाला चावी ज्यांच्याकडे होती ते पदाधिकारी मिरवणुकीबरोबर गेले. इकडे सात महिन्यांची गरोदर असलेली आपली एक लेक व्याख्यान अर्धे टाकून, गल्लीतल्या अनोळखी घराचे दार वाजवून विचारत होती, "जरा जाऊ द्याल का?" व्यासपीठावर तेव्हा समतेवर भाषण चालू होते.

विहारासमोर सकाळपासून भाजीवाल्या बसतात. रिक्षावाले उभे असतात. घरकामाला जाणाऱ्या बाया दोन कामांच्या मध्ये आपल्या कट्ट्यावर टेकतात. त्यांनी कधी चावी मागितली तर "हे खासगी आहे" असे आपण सांगतो. मग त्या कुलूपवाल्या माणसात आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून महिला शाखेने कार्यकारिणीपुढे ठराव ठेवला की विहाराचे संडास सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सर्वांना, कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला, विनामूल्य खुले ठेवावेत. त्यावर मोठी चर्चा झाली. घाण होईल, पाणी संपेल, गर्दुल्ले येतील, या हरकती होत्याच. पण एक हरकत अशी होती की जिच्यावर आम्ही आठवडाभर विचार केला. एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, "माझ्या बापाने तीस वर्षे या शहराचे संडास साफ केले. त्याने झाडू ठेवला तो मी शिकावे म्हणून. आता तुम्ही विहारात लोकांना बोलवाल आणि झाडू पुन्हा आपल्याच हातात द्याल?"

ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. ज्या कामाने पिढ्यान्‌पिढ्या माणसाला माणूस समजले नाही, ते काम बाबासाहेबांनी सोडायला सांगितले. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आणणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. तरीही गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसे मरतच आहेत. मरणारे बहुतेक कोणत्या समाजाचे असतात हे आम्ही सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख ठरवली. पण बापाची किंमत लाखांत होत नसते.

आम्ही त्या दादांना नम्रपणे एवढेच सांगितले. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती जन्माने लादलेली घाण. आपली घाण आपण साफ करणे त्यांनी सोडायला लावले नाही. एका जातीने करायचे ते काम गुलामीचे आहे. तेच काम ज्येष्ठ-कनिष्ठ, ब्राह्मण कुळातला भिक्षू आणि रस्ते झाडणाऱ्या कुळातून आलेला सुनीत थेर, सगळ्यांनी एकाच नियमाने केले की तो विनय होतो. गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला तो कोणी लादला म्हणून नव्हे. फरक झाडूत नाही, तो कोणी कोणाच्या हातात दिला यात आहे.

त्यामुळे आमच्या ठरावात आम्ही दुरुस्ती केली. नेमायचा तो सफाई कामगार पूर्ण पगारावर, हातमोजे-बूट देऊन नेमावा. टाकी उपसायला माणूस कदापि उतरवायचा नाही, यंत्राची गाडीच बोलवायची. आणि आठवड्यातून एक दिवस श्रमदान, पाळीपाळीने प्रत्येक घराने करायचे. पहिली पाळी कार्यकारिणीची, आणि त्यातही पहिला दिवस महिला शाखेच्या अध्यक्षांचा. एका संडासाला बाहेर उघडणारे दार, बसायचा कमोड, भिंतीला धरायची दांडी आणि उंबऱ्याऐवजी उतार. दोन्हींना आतून कडी, दिवा, खुंटी आणि झाकणाचा डबा. खर्चासाठी यंदाच्या जयंतीतला डीजे आणि रोषणाईचा पैसा वळवावा. कुलपाची चावी कोणाच्याही खिशात राहू नये, कारण दिवसा कुलूपच असू नये.

ते ज्येष्ठ सभासद चर्चा संपल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. निघताना मात्र म्हणाले, "पाळीच्या यादीत माझे नाव घाला. पण कामगाराच्या पगारात एक रुपयाही कमी केला, तर मी बाहेर पडेन." त्यांचे हे वाक्य आम्ही ठरावाला जोडले आहे. आजच्या या मेळाव्यात तो ठराव आपल्या मंजुरीसाठी येत आहे.

बंधुभगिनींनो, पालिकेकडे मागणी करायची आहेच. वॉर्ड ऑफिसमध्ये आम्ही जाणारच आहोत, आपणही सोबत यावे. पण हात जोडून मागायला जाण्याआधी स्वतःच्या दाराचे कुलूप काढून जावे, असे आम्हाला वाटते. पुढच्या सहा डिसेंबरला परभणीची ती आजी आली, तर तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घ्यावा, पोटभर प्यावे, आणि "जावं कुठं?" असे विचारले तर आपल्यापैकी कोणीही बोट दाखवून सांगावे, "आजी, इकडे. पायरी नाही, सावकाश या."



नमो बुद्धाय! जयभीम!